नवद्वारपुरीचा मूक द्वारपाल

गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंतांनी मनुष्यदेहाला नऊ द्वारांचे नगर म्हटले आहे. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, एक मुख आणि खालची दोन द्वारे मिळून ही नऊ होतात. डोळ्यांना पापण्यांची कवाडे आहेत, मुखाला ओठांची आहेत. मनुष्य निजला म्हणजे ती मिटतात. नाकपुड्यांना कवाड नाही. जन्माच्या पहिल्या श्वासापासून अखेरच्या श्वासापर्यंत ते दार अहोरात्र उघडे असते, आणि तेथील द्वारपाल एक क्षणही निजत नाही.

आपल्या परंपरेत एका अहोरात्रातील श्वासांची संख्या २१,६०० मानली आहे. मिनिटास पंधरा श्वास धरले म्हणजे हा हिशेब तंतोतंत जुळतो. आणि स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे दिवसाकाठी दहा हजार लिटरांहून अधिक हवा या दोन चिमुकल्या दारांनी आत येते व बाहेर पडते. मनुष्य दोन पैसे दान करतो तेव्हा त्याची आठवण जन्मभर ठेवतो. पण हे जे अखंड दान त्याला मिळत आहे, त्याची आठवण त्याला पडसे झाल्यावाचून होत नाही.

लोकव्यवहारात नाकाला मोठा मान आहे. कुळाची अप्रतिष्ठा झाली की नाक कापले गेले म्हणतात, शरण जाणाऱ्याने नाक घासले म्हणतात, आणि फार त्रास झाला की नाकी नऊ आले म्हणतात. अपराध्याचे वा शत्रूचे नाक कापण्याची क्रूर शिक्षा याच समजुतीतून निघाली. १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याकडील विटा घडविणाऱ्या समाजातील एका कुशल पुरुषाने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला, आणि तो वाचून १८१४ साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने ती क्रिया तेथे केली. सुश्रुताने गालाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची रीत त्याच्याही कित्येक शतके आधी सांगून ठेवली होती. राजाने हिरावलेला मान एका श्रमजीवी माणसाच्या हातांनी परत दिला, ही गोष्ट विचारी गृहस्थाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु ज्या नाकासाठी मनुष्य एवढा अभिमान बाळगतो, त्या नाकाला स्वतःला अभिमान ठाऊक नाही. बाहेरून दिसते ते केवळ देवडीचे छप्पर होय. वरचा भाग हाडाचा व खालचा कूर्चेचा असतो. मधोमध एक पडदा असून तो दोन नाकपुड्या वेगळ्या करतो. हा पडदा फार थोड्यांचा अगदी सरळ असतो. बहुतेकांचा कोठे ना कोठे किंचित वाकलेला असतो व त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. दाराशीच केसांची जाळी आहे. ती धुळीचे मोठे कण अडविते. आत गेल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकाखाली एक अशा तीन वळलेल्या पडव्या आहेत. त्यांवरील ओलसर, तांबूस त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरलेले आहे. आत येणारी हवा या पडव्यांना घासून जाते, आणि घशापर्यंत पोहोचेतो ती जवळजवळ शरीराइतकी उबदार व दमट होते.

हिमालयातील गोठविणारा वारा असो, राजस्थानातील लू असो, की कोकणातील पावसाळी हवा असो, फुप्फुसांना मात्र सर्वकाळ एकसारखीच हवा मिळते. बाहेरचे शीतोष्ण द्वारपाल स्वतः सोसतो व आत समत्व पोहोचवितो. भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण सोसण्याचा उपदेश अर्जुनाला केला. त्याचा एक मूक आचार्य प्रत्येकाच्या मुखावरच बसविलेला आहे. पण त्याच्याकडे पाहतो कोण?

या आतील त्वचेवर चिकट द्रवाचा पातळ थर असतो, आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म केसर असतात. वाऱ्याने शेतातले पीक एका दिशेने लवावे तसे ते सेकंदाला दहा ते पंधरा वेळा लवतात आणि धूळ व जंतू धरून ठेवणारा तो थर मागे घशाकडे ढकलतात. दहा-वीस मिनिटांत जुना थर जाऊन नवा येतो. मागे गेलेला थर मनुष्य नकळत गिळतो व जठरातील अम्ल त्याचा नाश करते. ज्याला लोक किळसवाणा शेंबूड म्हणून नाक मुरडतात, तो घरच्या झाडणाऱ्या-पुसणाऱ्या सेवकासारखा आहे. एक दिवस तो आला नाही तर घराची काय दशा होईल, याचा विचार करावा. तंबाखूच्या धुराने हे केसर मंदावतात. मग ती सफाई अडते आणि खोकला व कफ मागे लागतो.

आणखी एक नवल पाहावे. दोन्ही नाकपुड्या सर्वकाळ सारख्याच उघड्या नसतात. पुष्कळ माणसांत एका बाजूच्या पडव्यांत रक्त भरून त्या फुगतात व दुसरीकडच्या ओसरतात. काही तासांनी पाळी उलटते. आपल्याकडील योग्यांनी हे चंद्रस्वर व सूर्यस्वर या नावांनी फार पूर्वीच ओळखले होते. युरोपात १८९५ साली कायझर या जर्मन वैद्याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. एक भाऊ राबतो तेव्हा दुसरा विसावा घेतो, आणि श्वासाचे काम क्षणभरही थांबत नाही. ज्या घरात सर्व भार एकट्या सुनेवर अथवा एकट्या मिळवत्या मुलावर पडतो, त्या घराने ही रीत आपल्याच नाकाकडून शिकावी.

नाकाच्या भोवती हाडांमध्ये हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांनाच आज घरोघरी ‘सायनस’ म्हणतात, आणि ते एखाद्या रोगाचे नाव आहे असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः सायनस प्रत्येकाला असतात. एक जोडी गालांच्या हाडांत, एक भुवयांच्या वर कपाळात, एक डोळे व नाक यांच्या मधील भागात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि एक खोल मागे कवटीच्या तळाशी. गालातील पोकळी सर्वांत मोठी. तरी तिच्यात सुमारे तीन चहाचे चमचे मावेल एवढीच जागा. या सर्व दालनांच्या वाटा अखेर नाकातच उघडतात. डोळ्यांतील पाणीही एका बारीक नळीने नाकात उतरते. म्हणूनच रडणाऱ्याला नाक पुसावे लागते.

यांत गालाच्या पोकळीची रचना विशेष मनन करण्याजोगी आहे. तिचे दार तळाशी नसून वर आहे. आतील पाणी आपल्या भाराने खाली साठावयाचे. पण तेथील सूक्ष्म केसर ते थेंबाथेंबाने भिंतीवरून वर चढवितात व दारातून नाकात सोडतात. जुन्या काळी दुखण्यात ही पोकळी मोकळी व्हावी म्हणून शस्त्रवैद्य तिला खालच्या अंगाला नवे, सोयीचे भोक पाडीत. विसाव्या शतकात ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथील वैद्य मेसरक्लिंगर यांनी बारकाईने निरीक्षण केले तेव्हा असे दिसून आले, की खाली सोपी वाट उघडी असतानाही तो प्रवाह तिला वळसा घालून आपल्या मूळ, वरच्या दाराकडेच जात राहतो. यापुढे उपचाराची दिशाच बदलली: नवे दार फोडण्यापेक्षा मूळचे दार मोकळे करावे, हे शहाणपण शस्त्रवैद्यांनी स्वीकारले.

तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी परधर्म सोपा वाटला तरी स्वधर्मच कल्याणकारक ठरविला आहे. त्याचे हे केवढे सुंदर उदाहरण! ज्याची वाट अडली आहे त्याला दुसऱ्याच्या वाटेवर ढकलू नये. त्याची स्वतःची वाट कशाने अडली ते पाहावे. मुलाचा कल एकीकडे असताना बापाने भलतीकडे दार पाडावे, यातून किती संसार दुखावतात! आणि हेही पाहावे, की पडशाने दाराची सूज वाढून ते मिटले म्हणजेच पोकळीत पाणी कोंडते, त्यात जंतू वाढतात, आणि गाल, कपाळ, डोळ्यांमागे ठणका लागतो. वाहते ते निर्मळ राहते, कोंडते ते कुजते. द्रव्याचे तसेच आहे, आणि मनात दाबून ठेवलेल्या रागाचेही तसेच आहे.

या पोकळ्यांविषयी अलीकडे एक गोष्ट कळली आहे. त्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांना असे आढळले, की मनुष्य नाकातून गुणगुणत उच्छ्वास सोडतो तेव्हा शांत उच्छ्वासाच्या मानाने हा वायू सुमारे पंधरा पट अधिक बाहेर येतो. गुंजनाने पोकळ्यांतील हवा हालते व नाकातील हवेशी तिची देवघेव होते, असा याचा अर्थ. भ्रामरी करणाऱ्यास हे ऐकून आनंद वाटेल. तथापि साधकाने येथे सावध राहावे. भगवंताचे नाम नाक मोकळे करण्यासाठी घ्यावयाचे नाही. देहाला लाभ झाला तर तो प्रसाद समजावा. पण प्रसादाच्या आशेने देवळात जाणारा आणि देवासाठी जाणारा, यांत अंतर आहे.

नाकाच्या अगदी छताशी नखाएवढ्या जागेत गंधाचे ज्ञान होते. तेथील ज्ञानतंतू चाळणीसारख्या हाडाच्या बारीक छिद्रांतून थेट मेंदूकडे जातात. गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचा शोध अमेरिकेतील रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात असे सुमारे चारशे प्रकार आहेत. त्यांच्या निरनिराळ्या मेळांतून असंख्य वास कळतात. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा पुष्कळांचा हा गंध एकाएकी हरपला. देवघरातील उदबत्ती, पहिल्या पावसाची माती, आईच्या हातची फोडणी, सारे निर्गंध झाले. आणि ज्याची कधी किंमत वाटली नव्हती त्यासाठी माणसे तळमळली. पृथ्वीतील पवित्र गंध म्हणजे मीच, असा भाव भगवंतांनी सातव्या अध्यायात प्रकट केला आहे. गंध येतो आहे तोवरच तो ओळखावा. पंधराव्या अध्यायात तर जीव एका देहातून दुसऱ्या देहात इंद्रियांना घेऊन जातो ते वारा फुलांतून गंध नेतो तसे, असा दृष्टांत आहे. बरोबर येणार तो गंधच. तो सुवास व्हावा की दुर्गंध, हे आजच्या आचरणावर अवलंबून आहे.

नाकाच्या मागे घसा लागतो. येथे प्राणाची वाट व अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. घास गिळताना मऊ टाळू पडजिभेसह वर उचलला जाऊन नाकाची वाट मिटतो, स्वरयंत्र वर सरकते, त्यावर झाकण लवते, आणि श्वास क्षणभर थांबतो. एवढी व्यवस्था प्रत्येक घासाला होते. जेवताना बोलू-हसू नये, हा वडिलधाऱ्यांचा नियम यासाठीच. आणि भोजनारंभी प्राणाहुती देऊन क्षणभर स्थिर होणाऱ्याला हा चौक सुरक्षित ओलांडता येतो.

याच ठिकाणी, नाकाच्या मागच्या भिंतीवर, लहानपणी एक मऊ गाठ असते. तिला ‘ॲडिनॉइड’ म्हणतात. जंतूंची ओळख करून घेण्याचे तिचे काम असते व वय वाढेल तशी ती आकसते. परंतु काही मुलांत ती फार वाढते. तिच्या शेजारीच कानाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड आहे. ते अडले म्हणजे कानाच्या पडद्यामागे पाणी साठते व मुलाला ऐकू कमी येते. १८६८ साली कोपनहेगन येथील विल्हेल्म मेयर या वैद्याने ही गाठ, तोंडाने घेतला जाणारा श्वास आणि मंद झालेले कान यांचा संबंध जगापुढे मांडला. दीडशे वर्षे होऊन गेली; तरी पुढील चित्र अजून कित्येक घरांतून दिसते.

सायंकाळची वेळ. देवापुढे दिवा लागला आहे, वडील गीतापाठाला बसले आहेत. सात वर्षांचा मुलगा पाठ करून खेळतो आहे. वडील हाक मारतात. तो वळत नाही. पुन्हा हाक, तरी नाही. पोथी बाजूला ठेवून ते उठतात आणि एक चपराक देतात. “कितीदा हाक मारायची रे? कान फुटले का तुझे?” मुलगा उघड्या तोंडाने नुसता पाहत राहतो. शाळेतूनही लक्ष देत नाही अशीच तक्रार येते. घरात तो मठ्ठ ठरलेला असतो.

आजी जपमाळ खाली ठेवून म्हणते, “अरे, मारू नकोस त्याला. आज रात्री जरा त्याच्या उशाशी बस, म्हणजे कळेल तुला.”

रात्री वडील बसतात. मुलाचे तोंड उघडे आहे. घशात घरघर चालली आहे. मध्येच श्वास थांबतो; छाती हालते पण हवा जात नाही; मग दचकून, कूस बदलून तो मोठा श्वास घेतो. रात्रभर हे लेकरू एकेका श्वासासाठी झगडते, आणि दिवसा त्याला आळशी म्हटले जाते! ज्याला हाक ऐकूच येत नव्हती, त्याला आज्ञाभंगाची शिक्षा झाली. अशा वेळी त्या पित्याचा गीतापाठ कोठे पोहोचला असेल? सहाव्या अध्यायात दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखे पाहणाऱ्याला श्रेष्ठ योगी म्हटले आहे. तो योग देवघरात सुरू होत असेल, पण त्याची परीक्षा त्या उशाशी होते.

यास्तव प्रत्येक गृहस्थाने आपल्या घरातील प्राणद्वारांची काळजी हा नित्यधर्म समजावा. पुढील गोष्टी विशेष ध्यानात धराव्यात.

(१) मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर रागावण्यापूर्वी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. गाठ औषधाने शमेल, वयाने आकसेल की काढावी लागेल, हे त्यांनी ठरवावे.

(२) उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागी अनेक रक्तवाहिन्या एकत्र येतात, बहुधा तेथून हे रक्त येते. मूल निजवू नये व मान मागे टाकू नये; रक्त घशात उतरते. बसवून, किंचित पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा व तोंडाने श्वास घेऊ द्यावा. केवळ कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. रक्त न थांबल्यास दवाखाना गाठावा.

(३) जलनेती करणाऱ्याने पाणी उकळून थंड केलेलेच घ्यावे. अर्ध्या लिटरला चहाचा पाऊण चमचा मीठ पुरते. विहिरीचे, तळ्याचे वा नळाचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये. अशा पाण्यातील एक प्रकारचा अमीबा नाकाच्या छतातून मेंदूत शिरतो. हा रोग विरळा पण बहुधा प्राणघातक असतो. केरळात २०२४ व २०२५ साली मेंदूला होणाऱ्या अशा अमीबाजन्य रोगाचे रुग्ण आढळले आहेत.

(४) नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांहून अधिक वापरू नयेत. पुढे त्यांच्यानेच सूज वाढते.

(५) तपकीर, बिडी व सिगारेट यांचा त्याग करावा. बापाच्या धुराने मुलांचे कान-नाक बिघडतात, हे सिद्ध झालेले आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस आला. तरी पैसे वाचविण्यासाठी जेथे अजून धुराची चूल पेटते, तेथे ती बचत घरातील स्त्रीच्या श्वासातून केली जाते. देवापुढे धूप जाळणाऱ्याने स्वयंपाकघरातील धूर आधी पाहावा.

(६) वृद्ध वडील अथवा पती झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास थांबवीत असतील व दिवसा पेंगत असतील, तर ते थट्टेवारी नेऊ नये. निजलेल्याच्या घशाची वाट मिटत असते. त्यावर उपाय आहेत.

पाचव्या अध्यायाच्या शेवटी नासिकेत वाहणाऱ्या प्राण व अपान यांना सम करणाऱ्या मुनीचे वर्णन आहे. चौथ्या अध्यायात एकाचे दुसऱ्यात हवन करणारे याज्ञिक आहेत. सहाव्यात नासिकाग्री दृष्टी स्थिर करण्याची रीत आहे. योगसाधनेच्या वर्णनात इतक्या वेळा भगवंतांनी साधकाला याच द्वाराशी आणून उभे केले, ते उगाच नव्हे. येथे सर्व जीव समान आहेत. राजाचा श्वास व हमालाचा श्वास एकाच वाऱ्याचा. कोणी तो साठवू शकत नाही, घेतलेला प्रत्येक श्वास सोडावाच लागतो. सोडल्यावाचून पुढचा मिळत नाही.

म्हणून प्राणायामास बसताना गृहस्थाने क्षणभर कान देऊन घरातील सर्वांचा श्वास ऐकावा. पाळण्यातील बाळाचा, चुलीपुढे बसलेल्या पत्नीचा, खाटेवरील वृद्धाचा. त्यांत कोठे अडखळ असेल तर ती दूर करणे हीच त्या दिवसाची पहिली पूजा होय. मग आसनावर बसून, जो मूक द्वारपाल काही न मागता एकवीस हजार सहाशे वेळा सेवा करतो, त्याच्या धन्याचे स्मरण करावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥